मंडन आणि आचरण : मराठी ख्रिस्ती लेखनातील श्रद्धेच्या समर्थनाचे दोन मार्ग

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार बहुधा 'धर्मप्रसारपर लेखन' या एकाच सदराखाली केला जातो. त्यामुळे या वाङ्मयातील एक महत्त्वाचा भेद दुर्लक्षित राहतो. स्वीकारलेली श्रद्धा प्रमाणांनी सिद्ध करणे आणि ती श्रद्धा जगून दाखवणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीतून खंडनमंडनाचा ग्रंथ निर्माण होतो, तर दुसरीतून आत्मकथन. ख्रिस्ती धर्माच्या समर्थनाची मराठी परंपरा पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्याकडे सरकत गेली. या स्थित्यंतराने केवळ वाङ्मयप्रकार बदलला नाही, तर समर्थन कोणी करावयाचे हेही बदलले.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत कसदार उदाहरण म्हणजे नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५-१८९५). झाशीजवळ जन्मलेले व काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित प्रथम हिंदू धर्माचे मंडनकार होते. जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथाला त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हे संस्कृत उत्तर लिहिले. पुढे १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८६० मध्ये 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ लिहून सहाही दर्शनांचे खंडन केले. पक्ष बदलला, पद्धती बदलली नाही. पूर्वपक्ष मांडावा, त्यातील विसंगती दाखवावी, मग सिद्धान्ताकडे यावे, ही शास्त्रार्थाची शिस्त दोन्ही ग्रंथांत कायम आहे. या अर्थाने गोऱ्हे यांचे ख्रिस्ती मंडन पाश्चात्त्य आयात नव्हे. ते काशीच्या पाठशाळेतच घडले होते.

मात्र या पद्धतीत एक गोष्ट बसत नाही, ती म्हणजे श्रद्धेची किंमत. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांतच गोऱ्हे यांची पत्नी निवर्तली. कन्या एलन लक्ष्मी इंग्लंडमध्ये मिशनरी कुटुंबात वाढली आणि पुढे इंग्रजीत धार्मिक कविता लिहू लागली. स्वतः गोऱ्हे अखेरपर्यंत विरक्त वृत्तीने राहिले. यांपैकी कशालाही 'षड्दर्शनदर्पणा'त स्थान नाही. असूही शकत नाही, कारण दर्शनाच्या वादात वादी कसा जगतो हे प्रमाण मानले जात नाही.

दुसऱ्या मार्गाचा आरंभ ज्या प्रसंगाशी जोडता येतो, तो महाराष्ट्राबाहेरचा आहे. आज भिलाईच्या स्मृतिनगरातून पश्चिमेकडे निघालेला प्रवासी दुर्ग ओलांडून ज्या लोहमार्गाने राजनांदगावास पोचतो, त्याच मार्गावर १८९०च्या दशकाच्या प्रारंभी नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) नोकरीच्या शोधात नागपूरहून आले होते. आगगाडीच्या डब्यात त्यांची गाठ एका गोऱ्या मिशनऱ्याशी पडली. हा सहप्रवासी म्हणजे फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड, असे सामान्यतः मानले जाते. त्याने वाद घातला नाही. काव्याविषयी गोष्टी केल्या, नव्या कराराची प्रत हाती दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. राजनांदगाव तेव्हा वैष्णव बैरागी महंतांच्या वंशाकडे असलेले संस्थान होते. अशा ठिकाणी राहून टिळकांनी ते पुस्तक वाचले आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. ते प्रवचन सिद्धान्त सांगत नाही. कसे वागावे ते सांगते. गोऱ्हे ज्या दाराने आत आले ते दार तर्काचे होते, टिळकांचे दार आचारधर्माचे होते. हा फरक पुढील सर्व लेखनात दिसतो.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर टिळकांनी खंडनपर गद्य लिहिलेच नाही असे नाही. परंतु त्यांचे खरे समर्थन अभंगांत आहे. तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची धारणा होती. ख्रिस्ती होण्यासाठी मराठीपण सोडावे लागत नाही, हा मुद्दा त्यांनी युक्तिवादाने नव्हे, तर छंदाने सिद्ध केला. हीच धारणा त्यांना मिशनच्या चौकटीबाहेर घेऊन गेली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. श्रद्धेचे रक्षण येथे परधर्मीयांपासून नव्हे, तर संस्थेपासून करावयाचे आहे.

तथापि या परंपरेतील सर्वांत अवघड साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची (१८६८-१९३६) आहे. पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला; काही वर्षे त्या विभक्त राहिल्या. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला आणि अखेरचा त्यांच्या मृत्यूनंतर. या ग्रंथात धर्मांतराच्या बाजूने सलग युक्तिवाद जवळजवळ नाही. पतीकडे परतल्यावरही त्या सोवळे पाळतात, वेगळी चूल मांडतात. मनातून आधी गळून पडतो तो जातिभेद. श्रद्धा मागाहून येते आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा. हा क्रम महत्त्वाचा आहे. पाण्याच्या घागरीवर आणि ताटावर जे आधी घडले, त्याला नंतर नाव मिळाले. शिवाय लेखिका स्वतःच्या हट्टाला आणि पतीच्या विक्षिप्तपणाला सारखेच हसते. मंडनकाराला असा विनोद परवडत नाही, कारण आपल्या पक्षातील उणीव दाखवणे म्हणजे वादात हरणे. लक्ष्मीबाई ती उणीव दाखवतात आणि म्हणूनच विश्वसनीय ठरतात.

तुलनेसाठी न्यूमन यांच्या १८६४ मधील आत्मसमर्थनाकडे पाहता येईल. चार्ल्स किंग्जली यांच्या आरोपाला उत्तर म्हणून लिहिलेल्या त्या ग्रंथातही आत्मवृत्त हेच समर्थन होते; पण ते मतांच्या विकासाचे वृत्त आहे, स्वयंपाकघर त्यात नाही. पंडिता रमाबाई या दोन टोकांच्या मध्ये उभ्या आहेत. गोऱ्हे यांच्या लेखनाने त्यांच्या बुद्धीचे समाधान केले आणि १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु लगेचच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी स्वतःच्या विवेकाचा अधिकार चर्चच्या अधिकाराहून खाली मानण्यास नकार दिला. केडगावचे 'मुक्ती मिशन' हे त्यांचे आचरणरूप उत्तर होय.

'स्मृतिचित्रे'च्या इंग्रजी अनुवादांची शीर्षकेही या संदर्भात बोलकी आहेत. जोसेफिन इंक्स्टर यांच्या १९५०च्या अनुवादाचे शीर्षक 'आय फॉलो आफ्टर' असे आहे. त्यात पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातील शब्दांचा ध्वनी आहे आणि पतीमागून चालणाऱ्या पत्नीचाही. २०१७ मध्ये शांता गोखले यांनी मूळ नाव कायम ठेवले आणि उपशीर्षकात पत्नीच्या तेजस्वीपणावर भर दिला. एका अनुवादाने हा ग्रंथ श्रद्धेची साक्ष म्हणून वाचला, दुसऱ्याने स्त्रीच्या स्वत्वाची. मूळ संहितेत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हीच तिची अडचण आणि तिचे सामर्थ्य.

या परंपरेची मर्यादाही नोंदवली पाहिजे. गोऱ्हे, टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई हे सर्व ब्राह्मण. त्यांनी जे सोडले ते समाजाला मोलाचे वाटत होते, म्हणून त्यांच्या त्यागाची कथा सांगण्याजोगी ठरली. टिळक ज्या छत्तीसगडात नवा करार वाचत होते, तेथेच ऑस्कर लोर यांनी १८६८ मध्ये बिश्रामपूर येथे सतनामी समाजात काम सुरू केले होते. त्या माणसांना सोडण्यासारखे मानमरातब नव्हते. त्यांच्या धर्मांतराकडे मात्र पोटासाठीचा व्यवहार म्हणून पाहिले गेले. त्यांनी श्रद्धा कशी जगली, यासाठी 'स्मृतिचित्रे'सारखी संहिता उपलब्ध नाही. समर्थन आत्मकथनाकडे सरकले तेव्हा तर्काची जागा आयुष्याने घेतली. पण कोणाचे आयुष्य पुरावा म्हणून ग्राह्य मानले जाईल, हे पूर्वीच्याच सामाजिक मोजमापाने ठरत राहिले.

तौलनिक अभ्यासाने या वाङ्मयाकडे केवळ वसाहतकालीन धर्मवादाचा दस्तऐवज म्हणून पाहणे अपुरे आहे. विचारसरणी पटवून देणे आणि तिच्यासाठी घर, नाती, अन्न बदलणे यांतील अंतर कसे लिहायचे, हा त्यातील प्रश्न कोणत्याही धर्माच्या अथवा चळवळीच्या आत्मकथनाला लागू आहे. पुढे दलित आत्मकथनांनीही तो वेगळ्या भूमीवरून हाताळला. त्या प्रश्नाचे एक प्रांजळ मराठी उत्तर लक्ष्मीबाईंच्या सोवळ्याच्या चुलीपाशी सापडते. बिश्रामपूरच्या चुलींचे लेखन अभ्यासकांना अद्याप शोधावयाचे आहे.