ताटीबाहेरची मुक्ताई

कपाळावर पट्टा बांधायचा, ओले स्पंज नीट बसवायचे आणि अर्धा तास दोन मिलिअँपियरचा सौम्य प्रवाह मेंदूच्या पुढच्या भागावर सोडायचा. मरगळलेल्या मनासाठी निघालेल्या घरगुती टीडीसीएस उपकरणाची ही रीत. मुक्ताई तापीकाठी विजेच्या लोळात गुप्त झाली असं मानणाऱ्या मुक्ताईनगरला विजेचं अप्रूप कुणी सांगू नये! पण मन ताळ्यावर आणण्याची या गावाची खरी पुंजी मुक्ताईच्या ताटीच्या अभंगांत आहे, आणि उपकरणाच्या चाचण्यांचे निकाल वाचल्यावर ते अभंग मला जास्त उलगडले.

2024 साली 'नेचर मेडिसिन'मध्ये 174 रुग्णांवरची दहा आठवड्यांची चाचणी छापून आली. एका गटाला खरा प्रवाह, दुसऱ्याला लटका. चुणचुण जाणवावी इतपतच. नैराश्य मोजायच्या हॅमिल्टन मापावर पहिल्या गटाचे गुण सरासरी 9.41ने उतरले, लटक्या गटाचे 7.14ने. त्याच वर्षी ब्राझीलमधल्या 210 रुग्णांच्या चाचणीत मात्र खरा प्रवाह लटक्यापेक्षा सरस ठरला नाही. उपकरण भोंदू नाही, पण त्याच्या खात्यावर जमा होणारा बराचसा गुण विजेचा नव्हे, असं माझं मत. ते 7.14 काळाचे असतील, आशेचे असतील, आणि कुणीतरी नेमाने विचारपूस करतंय याचेही असतील.

मुक्ताईचा सगळा कारभार या विचारपुशीचाच. संन्याशाची पोरं म्हणून झालेली हेटाळणी जिव्हारी लागून तिचे थोरले बंधू ज्ञानेश्वर आत बसले, ताटी लावून घेतली. ताटी म्हणजे काही सागवानी दार नव्हे; पोरसवदा हाताने ढकलली तरी उघडली असती. मुक्ता ढकलत नाही. अभंगांतलं सगळं नाट्य या संयमावर उभं आहे.

सुरुवातीला ती भावाला 'तुमचं चुकलं' म्हणतच नाही. योगी कसा असतो, संत कुणाला म्हणावं, लोकांचे अपराध तो कसे पोटात घालतो, हे सगळं तिसऱ्याच माणसाविषयी चाललेलं. रुसलेल्याला थेट उपदेश झोंबतो. इथे आतल्या माणसाला आपल्याबद्दल नाहीच चाललेलं असं समजून ऐकत राहण्याची सोय आहे. जग आग झालं तर संताने पाणी व्हावं, ही मागणी जबरच. पण त्याहून धारदार आहे तो दात-जिभेचा दाखला: आपलीच जीभ दाताखाली आली म्हणून कुणी दात पाडून घेतं का? कळ येते, हे ती नाकारत नाही. फक्त टवाळी करणाऱ्यांना परके राहू देत नाही. ते आणि आपण एकाच तोंडातले.

ताटी उघडण्याची शेवटची विनवणी दर अभंगाला तीच. 'नेचर मेडिसिन'मधल्या चाचणीतही मात्रा ठरलेली होती: तीन आठवडे आठवड्याला पाच सत्रं, पुढे सात आठवडे तीन-तीन. मुक्ताईची मात्रा ठरलेली असली तरी तिच्याआधीचा युक्तिवाद दर खेपेला नवा. म्हणून तेच शब्द कधी आर्जव होतात, कधी दटावणी. आणि शेवटी, भावाला विश्व तारायला सांगताना, ती एकदम शेंडेफळाच्या हक्कावर येते. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेवांनी, एवढ्या थोरल्या योग्याने, जिला गुरू मानलं तीच ही. इथे मात्र ती गुरुपण गुंडाळून ठेवते आणि लाडात येते. मला या अभंगांतली ही सर्वांत देखणी जागा वाटते.

अर्थात ज्ञानेश्वरांचा तो उद्वेग होता, आजार नव्हे. चाचण्या झाल्या त्या निदान झालेल्या नैराश्याच्या रुग्णांवर; धडधाकट माणसाला 'मूड छान राहील' म्हणून पट्टा विकणाऱ्या जाहिरातीला त्या आकड्यांचा आधार घेता येत नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नको वाटू लागलं, तर अभंगावरही विसंबू नये. डॉक्टर गाठावा, नाहीतर 14416 या क्रमांकावर टेलि-मानसला फोन करावा. उपकरण घ्यायचंच ठरलं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि घरातल्या कुणीतरी अधूनमधून स्पंज ओला आहे ना, हे बघावं. तो कोरडा पडला तर कपाळाची कातडी भाजू शकते.