पट्टी उतरलेली गाणी

५ जुलै २०२५ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात, व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर, एक वृद्ध गायक काळ्या सिंहासनावर बसून रंगमंचाच्या पोटातून वर आला. त्याचे नाव ऑझी ऑस्बर्न. वय ७६. कंपवाताने देह इतका खिळखिळा झालेला, की उभे राहून गाणे त्याला शक्य नव्हते. सोबत टोनी आयोमी, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड हे त्याचे मूळचे साथीदार. १९६८ साली याच परिसरात, अ‍ॅस्टन नावाच्या कामगार वस्तीत, या चौघांनी जो वाद्यवृंद उभा केला, तो पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ या नावाने जगभर गाजला आणि तितकाच बदनामही झाला. चौघे एकत्र वाजवीत होते ते वीस वर्षांनी. त्यांनी चारच गाणी सादर केली. त्यानंतर सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑस्बर्न वारला.

या घटनेवर एका धर्मगुरूने, आणि तेही या त्रैमासिकात, लिहावे हे काही वाचकांना खटकेल. त्यांच्यासाठी आधीच एक कबुली देऊन टाकतो. १९९८ साली, दीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा, युवकांच्या एका शिबिरात आम्ही याच वाद्यवृंदाविरुद्ध तासभर बोललो होतो. सैतान, उलटे क्रूस, काळी जादू असा सगळा मजकूर एका पुस्तिकेतून उचललेला होता. गाणे आम्ही एकही ऐकलेले नव्हते. शिबिर संपल्यावर एका मुलाने आपली कॅसेट आणून आमच्या हातात ठेवली. म्हणाला, ‘‘फादर, तुम्हीच फेका.’’ आम्ही ती फेकली नाही आणि ऐकलीही नाही. टेबलाच्या खणात पडून राहिलेली ती कॅसेट पुढे बदलीच्या गडबडीत कुठे गेली, ते कळले नाही. ज्याला समीक्षेचे थोडेफार वेड आहे, त्याने न ऐकता निकाल द्यावा, याहून मोठा प्रमाद नाही. प्रस्तुत लेख म्हणजे काही अंशी त्या तासाचा हिशेब आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत उदयाला आलेले रॉक वाद्यवृंद सत्तरी-ऐंशीच्या वयात पुन्हा दौऱ्यावर निघतात आणि त्यांच्याबरोबर म्हातारे झालेले चाहते मैदाने भरून टाकतात, हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. निरोपाचे दौरे तर एकदा करून भागत नाहीत. ‘द हू’ या वाद्यवृंदाने १९८२ साली निरोप घेतला होता. २०२५ साली त्यांनी अमेरिकेचा पुन्हा एकदा निरोप घेतला. ‘किस’चा निरोपाचा दौरा २००० साली सुरू झाला आणि दुसरा २०२३ साली संपला. खुद्द ब्लॅक सॅबथने ४ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्मिंगहॅममध्येच ‘शेवट’ जाहीर केला होता. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत ‘शेवटचे काही प्रयोग’ असे छापून येई आणि महिन्याभरात ‘लोकाग्रहास्तव’ तेच नाटक पुन्हा लागे, त्यातलाच हा प्रकार.

यामागे पैसा आहे, हे सांगण्यासाठी समीक्षकाची गरज नाही. ध्वनिमुद्रिका विकून श्रीमंत होण्याचे दिवस इंटरनेटने संपवले; आता कमाई आहे ती तिकिटांत. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात ‘ओअ‍ॅसिस’ या वाद्यवृंदातील भांडलेले दोघे भाऊ पुन्हा एकत्र येणार असे जाहीर झाले, तेव्हा चाहते संगणकावर तासन्‌तास रांगेत थांबले. रांगेत असतानाच सुमारे दीडशे पौंडांचे तिकीट साडेतीनशेच्या वर गेले. सरकारी चौकशी करावी लागली, इतका संताप उसळला. रोलिंग स्टोन्सच्या २०२४ च्या अमेरिकन दौऱ्याची प्रायोजक तर ज्येष्ठ नागरिकांसाठी काम करणारी तिकडची एक प्रसिद्ध संस्था होती. यावर हसू येते. पण हसून विषय संपत नाही.

मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ हा शब्द बहुधा नाक मुरडून वापरला जातो. गतकाळाच्या गोड आठवणींत स्वतःला रमवणे, एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर या मैफली स्मरणरंजनाचा बाजार आहेत, असे म्हणून आम्हांला लेखणी खाली ठेवता आली असती. पण आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थाने ती सोय ठेवली नाही. हे आमच्याच वयाचे, बँकेत अधिकारी. १७ मे २०२५ रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘गन्स अँड रोझेस’चा कार्यक्रम झाला, त्याला ते कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला घेऊन गेले होते. पुढल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर भेटले. आम्ही सहज विचारले, कसा झाला कार्यक्रम?

‘‘फादर, आवाज पूर्वीचा राहिला नाही हो. वरच्या सुराला ओढाताण होते. पोरगी तर मोबाईल बघत बसली होती.’’ थोडे थांबून म्हणाले, ‘‘पण ते जुनं गाणं सुरू झालं आणि मला आमचा कॉलेजचा कट्टा दिसला. त्यावर आमचा एक दोस्त बसलेला. तो वारला दहा वर्षांपूर्वी. मी रडलो, फादर. गाणं चांगलं झालं असतं तर कदाचित रडलो नसतो.’’

हे शेवटचे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. गाणे चांगले झाले असते तर रडू आले नसते, याचा अर्थ काय?

सेमिनरीत वाचलेले एक प्रकरण या वेळी मदतीला आले. संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या खंडात काळाचे स्वरूप उलगडताना पाठ असलेले स्तोत्र म्हणण्याचा दाखला दिला आहे. आरंभ करण्यापूर्वी आपले चित्त सबंध स्तोत्राच्या अपेक्षेत असते. एकेक शब्द उच्चारला जातो, तसतशी अपेक्षा घटते आणि स्मृती वाढत जाते. पाठ असलेले गाणे ऐकणाऱ्याचेही असेच होते. फरक इतकाच, की चाहत्याच्या अपेक्षेत वसलेला आवाज असतो १९८७ सालच्या ध्वनिमुद्रिकेवरचा, आणि कानी पडतो तो आजच्या गळ्यातला. पुष्कळ वाद्यवृंद म्हाताऱ्या गायकासाठी गाण्याची पट्टी उतरवून घेतात. गाणे तेच असते, पण सारा डोलारा अर्धा-एक स्वर खाली बसलेला असतो. अपेक्षा वरच्या सुराला जाऊन थांबते, गळा तिथवर पोहोचत नाही. त्या दोहोंमध्ये जी फट पडते, तिच्यातून मधली चाळीस वर्षे दिसतात. बँकेतील त्या गृहस्थांना मित्र दिसला तो त्या फटीतून.

आमचे म्हणणे असे, की या मैफलींचे खरे द्रव्य ही फट होय. तिच्याशी कलावंत कसा वागतो, यावरून त्याच्या पुनरागमनाची पारख करावी.

काही जण ती फट सरळ बुजवून टाकतात. २७ मे २०२२ रोजी लंडनमध्ये स्वीडनच्या ‘अ‍ॅबा’ या चौकडीचा जो प्रयोग सुरू झाला, त्यात चौघे रंगमंचावर येतच नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या या गायकांनी अंगभर संवेदक लावलेले पोशाख घालून कॅमेऱ्यांसमोर गाणी सादर केली. त्यांच्या हालचालींवरून संगणकाने १९७९ सालच्या रूपातल्या त्यांच्या प्रतिमा घडवल्या. त्यासाठी खास प्रेक्षागृह बांधले गेले. वादक हाडामांसाचे, गायक प्रकाशाचे. ‘किस’च्या चमूनेही २ डिसेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेवटचा कार्यक्रम संपताच पडद्यावर आपल्या अशाच प्रतिमा अवतीर्ण केल्या. कसब अचाट आहे. लोकांना आनंद होतो, हेही नाकारता येणार नाही. पण त्या प्रेक्षागृहात म्हातारा होतो तो एकटा प्रेक्षकच. आरशाने आपले तरुणपणचे रूप दाखवावे आणि त्याबद्दल पैसे घ्यावेत, तसे हे आहे.

रोलिंग स्टोन्सचा मार्ग निराळा. ७ एप्रिल २००३ रोजी ते मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर आले, तेव्हा मिक जॅगर साठीच्या उंबरठ्यावर होता आणि आता निवृत्तीची वेळ झाली, असे म्हटले जात होते. त्यानंतर एकवीस वर्षांनी, ऐंशी वर्षांचा जॅगर रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतच होता. येथे फट बुजवलेली नाही, ती ओलांडून दाखवलेली आहे. कसलेल्या मल्लाविषयी वाटावा तसा आदर आम्हांला जॅगरविषयी वाटतो; मात्र त्याचे गाणे ऐकताना गाण्यापेक्षा त्याच्या दमसासाकडेच अधिक लक्ष जाते. अपवाद एक. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचा तालवादक चार्ली वॉट्स वारला. महिन्याभराने दौरा सुरू झाला, तेव्हा रंगमंचावर आरंभी कोणीच नव्हते. नुसता ड्रमचा ठेका आणि पडद्यावर वॉट्सची चित्रे. आमच्या मते त्या सबंध दौऱ्यातील सर्वांत खरी मिनिटे तीच.

यापुढचे उदाहरण देताना आम्ही तटस्थ नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आमचे थोरले बंधू आखातात नोकरीला होते. सुट्टीवर येताना त्यांनी ‘जेनेसिस’ या इंग्रज वाद्यवृंदाची १९८६ सालची कॅसेट आणली होती. सेमिनरीत जाईपर्यंत आम्ही ती इतकी वाजवली, की फीत सैल पडून पेन्सिलीने गुंडाळावी लागे. फिल कॉलिन्सचा तो उंच, किंचित खरखरीत आवाज म्हणजे आमचे सतरावे वर्ष. २६ मार्च २०२२ रोजी लंडनमध्ये जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्याची चित्रफीत आम्ही मोठ्या उत्सुकतेने लावली आणि पहिली दहा मिनिटे आम्हांला चक्क राग आला. एकाहत्तर वर्षांचा कॉलिन्स काठी टेकत आला आणि खुर्चीवर बसला. पाठीच्या कण्याच्या विकाराने त्याच्या हातांतले ड्रमचे वादन केव्हाच हिरावून घेतले होते. गाण्यांची पट्टी उतरलेली. हा आमचा कॉलिन्स नव्हे, असे वाटून आम्ही चित्रफीत बंद करणार होतो.

तेवढ्यात नजर मागे गेली. ड्रमवर त्याचा मुलगा निक बसला होता, जेमतेम विशीचा. बापाने तरुणपणी रचलेले ठेके मुलगा वाजवीत होता आणि बाप त्याच्याकडे पाठ करून, खुर्चीत बसून, त्या ठेक्यावर गात होता. ध्वनिमुद्रिकेवर आवाज आणि ठेका एकाच माणसाचे होते. आता दोन पिढ्यांत त्यांची वाटणी झाली होती. रचना तीच असूनही गाणे निराळे झाले होते, आणि ते १९८६ साली कोणालाच गाता आले नसते. आमचा राग कधी ओसरला, ते आम्हांला कळले नाही.

मराठी रसिकाला हे अगदी अनोळखी वाटू नये. बालगंधर्व साठीच्या पुढेही स्त्रीभूमिका करीत राहिले, तेव्हा ‘आता पुरे’ म्हणणारे होते आणि त्याच प्रयोगांना पुन्हा पुन्हा जाणारेही होते. त्यांतील कोण बरोबर, हा वाद मिटलेला नाही. कलावंताने वेळीच थांबावे या मताला आम्ही मान देतो. पण थांबण्याची योग्य वेळ ठरवताना आपण बहुधा आपल्याच आठवणीची अब्रू सांभाळत असतो, असा आम्हांला संशय आहे.

आता व्हिला पार्ककडे परत येऊ. कार्यक्रमापूर्वी आम्ही, सत्तावीस वर्षे उशिराने का होईना, ब्लॅक सॅबथची आरंभीची गाणी ऐकली. हे नाव त्यांनी घेतले ते १९६३ सालच्या एका भयपटावरून. चारांतले जे गाणे त्या रात्री प्रथम झाले, ते १९७० सालचे, युद्धखोर सेनापतींवरचे. गरिबांची मुले रणात पाठवून स्वतः मागे राहणाऱ्यांना अखेर देवाच्या न्यायासमोर गुडघे टेकावे लागतात, असा त्याचा आशय. सैतान त्यात आहे, पण तो हसतो आहे सेनापतींना. बहुतेक गीते लिहिणारा बटलर हा आयरिश कॅथलिक कुटुंबातला. १९७१ सालच्या एका गाण्यात तर तो मरणोत्तर जीवनावर आणि देवाची टिंगल करणाऱ्यांवर सरळ प्रश्न टाकतो. हे सारे आमच्या पुस्तिकेत नव्हते. या चौघांच्या गळ्यांत क्रूस असत, ते कारखान्यात काम करणाऱ्या ऑस्बर्नच्या वडिलांनी धातूचे घडवून दिलेले होते, हेही नव्हते.

म्हणून सगळेच धुऊन निघते, असे मात्र नाही. दारू, अमली पदार्थ, १९८२ साली भर कार्यक्रमात वटवाघळाचे डोके चावणे, ही कुप्रसिद्धी ऑस्बर्नने स्वतः जोपासली आणि विकली. त्याच्या मागे धावलेली मुले काही केवळ युद्धविरोधी गीतांसाठी धावली नाहीत. आमच्या त्या तासातली चिंता सर्वस्वी खोटी नव्हती; पुरावा खोटा होता.

आणि गाणे? ते, काटेकोर कसोट्या लावल्या तर, कमकुवत झाले. सूर हलत होता. पण हा माणूस खुर्चीवर हातांनी जोर देऊन वर उठू पाहत होता, उठता येत नव्हते, आणि समोरचे हजारो लोक तो जिथे अडखळेल तिथे ओळ पुढे नेत होते. कारखान्यात बोटांची टोके गमावूनही वाजवायला शिकलेला आयोमी शेजारी उभा होता. कार्यक्रमाचा नफा कंपवाताच्या संशोधनाला आणि बर्मिंगहॅममधील आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देण्याचे ठरले होते. फट झाकण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. ती रंगमंचाच्या मध्यभागी, सिंहासनावर बसवली होती.

३० जुलैला ऑस्बर्नची अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या रस्त्यांतून निघाली. शवपेटीच्या पुढे एक ब्रास बँड त्याच्याच गाण्यांच्या चाली वाजवीत चालला होता, आपल्या गावांत लग्नाच्या मिरवणुकीत असतो तसा पितळी वाद्यांचा ताफा. ज्या गाण्यांविरुद्ध आम्ही तासभर बोललो होतो, ती तशी ऐकताना ओळखायला आम्हांला वेळ लागला. ती चित्रफीत आम्ही बँकेतील त्या गृहस्थांना दाखवली. त्यांनी पहिल्या चार सुरांतच गाण्याचे नाव सांगितले.