पुनर्जन्माचे दुकान

मोबाईलवरील खेळावर दिवाळी अंकात टीकालेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण ज्या घरात हा अंक जाईल त्या घरात तो एका वेळी एकाच्याच हाती असेल, आणि मोबाईल मात्र चौघांच्या. शिवाय पाडव्याला आपल्याकडे द्यूतप्रतिपदा असे दुसरे नाव आहे, आणि आम्हा खानदेशी माणसांना आखाजीच्या पत्त्यांची ओळख करून द्यायला नको. खेळात माणूस काय लावतो आणि काय गमावतो, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे.

१९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय व ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी संगणकावर ‘रोग’ नावाचा खेळ रचला. नावाने दचकू नये. इंग्रजीत त्याचा अर्थ भामटा. त्यात चित्रे नव्हती. नायक म्हणजे ईमेलच्या पत्त्यात असते ते चिन्ह, आणि राक्षस म्हणजे इंग्रजी अक्षरे. भुयार दर डावाला नवे, आणि नायक मेला की डाव संपला; मागे जाऊन चूक दुरुस्त करण्याची सोय नाही. या दोन नियमांवर जो कुळविस्तार झाला, त्यास ‘रोगलाईक’ खेळ म्हणतात.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला या दुसऱ्या नियमाचे फार मोल वाटते. कथेतील मृत्यू वाचकाला हलवतो, कारण तो परत घेता येत नाही. समजा, शेवटून दुसऱ्या प्रकरणात प्रकाशकाने चिठ्ठी चिकटवली, की ‘एकोणतीस रुपये पाठवा, नायक वाचेल’, तर ते पुस्तक कोणी पुढे वाचील काय? मोबाईलवरील कित्येक खेळ नेमके हेच करतात. नायक पडला की पडद्यावर दुकान उघडते: इतके हिरे घ्या आणि जिवंत व्हा. रोगलाईक खेळात असे दुकान घालणे म्हणजे शोकांतिकेच्या मध्यंतरात सुखान्त विकणे होय.

आपला मोक्षपट पाहा. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानदेवांकडे देते. घराघरांत सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप. सापाने गिळले की खाली यायचे, मग खेळणारा सावकार असो की सालदार. शिडी विकत मिळाली असती तर त्या पटाला मोक्षपट म्हणायचे कारण उरले नसते.

आता निवडीकडे वळू. माझ्या मते या कुळातला पहिला मान ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’चा. ‘वाटाबू’ या टोपणनावाच्या लेखकाने २०१२ साली ‘पिक्सेल डंजन’ रचला आणि पुढे त्याची संहिता सर्वांना खुली केली. तिच्यावरून २०१४ पासून एव्हन डेबेनहॅम यांनी हा खेळ वाढवला. पाच प्रदेश, पंचवीस मजले आणि त्याखाली एक ताईत. कोणत्या रंगाच्या औषधात काय गुण, हे दर डावाला बदलते, भूकही लागते. गंमत अशी, की मेलेल्याला उठवणारी वस्तू यातही आहे. पण ती खेळातच कमवावी लागते. खिशातल्या पैशाने ती मिळत नाही. अँड्रॉइडवर याच्या नावाखालीही ‘अॅपमधील खरेदी’ अशी ओळ दिसते; ते पैसे कर्त्याला पाठबळ म्हणून असतात, त्यांनी तलवार धारदार होत नाही. म्हणून केवळ ती ओळ वाचून निकाल देऊ नये.

दुसरा, ‘स्ले द स्पायर’. पत्त्यांच्या जोरावर मनोरा चढण्याचा हा खेळ २०२० मध्ये आयफोनवर व २०२१ मध्ये अँड्रॉइडवर आला. एकदाच किंमत मोजावी लागते. पत्ता हातचा राखावा की टाकावा, याचा इतका सुंदर विचार मी अन्यत्र पाहिला नाही. दोष एकच: लहान पडद्यावर अक्षरे फार बारीक दिसतात, चष्मेवाल्यांनी विचार करावा.

इतर खेळांसाठी पालकांना तीन कसोट्या सुचवतो. खेळाच्या माहितीत वस्तूंच्या किमती कुठून कुठवर आहेत ते पाहावे. हजारांचा आकडा दिसला की दुकान मोठे आहे असे समजावे. फोन विमान-मोडमध्ये टाकून खेळ चालतो का ते बघावे. आणि मुद्दाम लवकर मरावे. मेल्यावर पडदा काय मागतो, त्यात कर्त्याची नियत कळते.

कोणी म्हणेल, खेळ करणाऱ्यानेही पोट भरावेच ना? अवश्य भरावे. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी धावत होती, तेव्हा पाचोऱ्यास एकदा तिकीट काढले की शेंदुर्णी मागे पडो, आमचे पहूर येवो, जामनेरपर्यंत पुन्हा कोणी हात पसरीत नसे. किंमत आधी सांगावी, पुरती घ्यावी, हा प्रामाणिक व्यवहार. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. पण तो जिंकून पैसे मिळवण्याच्या आशेवरचा इलाज आहे. पुनर्जन्म विकत घेणाऱ्या पोराला तर पैसे परत मिळण्याची आशाही नसते; त्याला फक्त हरायचे नसते.

आणि शिक्षक म्हणून मला धास्ती वाटते ती याचीच. गणित चुकले की मूल पुन्हा मांडते, म्हणून ते शिकते. चूक पुसून देणारा दुकानदार त्याला खिशातच भेटू लागला, तर पुन्हा मांडायचा धीर ते कुठून आणील? म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मुलाला खेळ द्याच. पण असा द्या, ज्यात ते दहा वेळा फुकट मरेल आणि अकराव्या वेळी स्वतःच्या अकलेने एक मजला अधिक उतरेल.