शेवटचे पान आधी

रहस्यकथा वाचण्याचा एक धर्म आहे आणि तो कुणी शिकवावा लागत नाही. शेवटचे पान आधी पाहायचे नाही! आमच्या नागपूरच्या घरी, महालात, हा धर्म रोज भर दुपारी बुडवला जाई. जेवणे आटोपली, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून झाले, की आत्या माजघरात चटईवर आडवी होई आणि बाबूराव अर्नाळकरांचे नवे पुस्तक उघडी, ते शेवटाकडून. शेवटची दोन पाने शांतपणे वाचून झाली, की मग ती पहिल्या पानावर येई. आम्ही मुले हातपाय आपटत असू.

"आत्या, गुन्हेगार कोण ते कळून गेलं ना आता!"

"कळलं तर कळलं. विजया धड घरी आली, तेवढं पाहून घेतलं. आता निवांत वाचते."

पुढे वाङ्मयाच्या चार परीक्षा देऊन आणि टीकेची चार पुस्तके वाचून मी या वाचनाला हसायला शिकलो. आज साठाहून अधिक वर्षांनी माझे मत असे झाले आहे, की त्या पुस्तकांविषयी आमच्या घरात जी मते होती, त्यांत आत्याचे मत सर्वांत मर्मग्राही होते. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

नव्या पिढीच्या वाचकांसाठी थोडी ओळख करून दिली पाहिजे. बाबूराव अर्नाळकर हे लेखनातले नाव; त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत गिरगावात त्यांचे चष्म्याचे दुकान होते. लोकांची दृष्टी सुधारणारा हा गृहस्थ लोकांना रात्र रात्र जागवून त्यांचे डोळेही बिघडवीत असे, असा विनोद त्या काळी सहज सुचावा! १९९६ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या नावावर हजारांहून अधिक पुस्तके होती. लेखनाची पन्नास वर्षे धरली, तरी वर्षाला वीस पुस्तके होतात. म्हणजे अडीच-तीन आठवड्यांना एक. काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू, असे त्यांचे अनेक नायक घरोघरी नावाने ओळखले जात. पण त्यांतला लाडका म्हणजे झुंजार. कायद्याच्या कुंपणावर उभा राहून दुष्टांना धडा शिकवणारा हा साहसवीर. नेताजी हा त्याचा साथीदार, इन्स्पेक्टर आनंदराव हे पोलीस खात्याचे प्रतिनिधी, आणि विजया ही त्याची पत्नी. झुंजार आणि विजया यांचे एकमेकांवरील प्रेम हा त्या साऱ्या मालिकेतला न तुटणारा धागा.

या धाग्यावरूनच आमच्या घरात दोन तट होते.

पहिला तट मामांचा. जुन्या मध्यप्रदेशाच्या सचिवालयात ते कारकून होते. १९५६ साली नागपूरची राजधानी गेली, पण मामांच्या इंग्रजी वाचनाचा डौल काही गेला नाही. कॉनन डॉयल आणि अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्याखाली ते उतरत नसत. ते म्हणत, "अरे, रहस्यकथा म्हणजे गणित. गणितात बायको कशाला?" मामांच्या या मताला मोठा आधार होता, हे मला मागाहून कळले. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम प्रसिद्ध केले. प्रेमप्रकरण नको, हा त्यांतलाच एक नियम. गुन्हेगाराला न्यायासनापुढे उभे करायचे, प्रेमिकांना बोहल्यावर नव्हे, असा त्याचा मथितार्थ. होम्सला आयुष्यभर अविवाहित ठेवणाऱ्या डॉयलनेही हेच केले होते.

दुसरा तट आत्याचा. पण त्यात ती एकटीच आहे असे आम्हाला वाटे. तिसरे मत वाचनालयवाल्यांचे. दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणारी लहान लहान वाचनालये तेव्हा वस्तीवस्तीत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाचनालयाच्या मालकांना मी एकदा विचारले, लोकांना यातले काय आवडते? ते पुस्तकाला डिंक लावत बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "लोकांचं मत तोंडावर नसते, बापू, पुस्तकाच्या शिवणीवर असते. झुंजारची शिवण सगळ्यात आधी उसवते. आणि त्यातही शेवटचं पान आधी सुटते. काहून सुटते, काय माहीत!"

मला माहीत होते. म्हणजे महालात उलटे पुस्तक धरणाऱ्या आत्या पुष्कळ होत्या!

आता या मतांचा निवाडा करू. मामांचा पक्ष दुबळा नाही. कोडे म्हणून पाहिले, तर अर्नाळकरांच्या कथेचे टाके सैल आहेत. योगायोगांची रेलचेल आहे. तीन आठवड्यांत पुस्तक लिहायचे म्हटल्यावर धागेदोरे मागे जाऊन तपासायला सवड कुठली? शिवाय परदेशी साहसकथांची छाया उघड दिसते. झुंजार वाचताना इंग्रजी वाचकाला लेस्ली चार्टरिसच्या 'सेंट'ची आठवण व्हावी, यात नवल नाही. १९२८ साली अवतरलेला हा सेंटही कायद्याच्या बाहेर राहून दुर्जनांना लुटणारा आणि पोलिसांना खिजवणारा. पण इथेच एक फरक आहे, आणि मामांनी तो पाहिला नाही. सेंटची प्रेयसी पॅट्रिशिया त्याच्याबरोबर लग्नावाचून कित्येक पुस्तके वावरते आणि पुढे त्या मालिकेतून नाहीशी होते. विजया झुंजारची लग्नाची बायको आहे आणि ती कुठेही जात नाही. साहसाची तऱ्हा समुद्रापलीकडून आली असेल. पण संसार इथला आहे.

आणि या संसारामुळेच झुंजार मराठी माजघरात शिरू शकला. एरवी तो कोण? कुलुपे तोडणारा, वेषांतर करणारा, पोलिसांना हुलकावणी देणारा मनुष्य. असल्या पुरुषाचे पुस्तक त्या काळच्या घरात बायकांच्या हाती कुणी दिले असते? पण घरी वाट पाहणारी बायको आहे आणि तिच्यावर त्याची निष्ठा आहे, एवढे दिसले की आमच्या आजीचीही हरकत उरत नसे. कायदा ज्याला जामीन द्यायला तयार नाही, त्याला विजया जामीन राहिली होती.

आम्हा नागपूरकरांना तुलनेसाठी फार दूर जावे लागत नसे. घरात मराठी, बाजारात हिंदी, अशी आमची रीत. स्टेशनावर गेले की हिंदी जासूसी पुस्तके टांगलेली दिसत. अलाहाबादेहून १९५२ पासून निघू लागलेली इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया' आम्ही मुले तितक्याच अधाशीपणाने वाचत असू. उर्दूतला कर्नल फरीदी हिंदीत विनोद होऊन येई. बुद्धीने, धैर्याने तो झुंजारला भारी. पण स्त्रियांच्या वाऱ्यालाही न उभा राहणारा. प्रेमाची थट्टामस्करी सगळी त्याच्या साथीदाराच्या, हमीदच्या वाट्याला. ती पुस्तके मी आत्याला वाचून दाखवली होती. तिने ऐकून घेतली आणि विचारले, "पण हा घरी कुणाकडे जाते?"

हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. मोठमोठ्या लेखकांनाही तो पडला आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ साली ब्योमकेश बक्षी निर्माण केला आणि लवकरच एका खटल्यात त्याची सत्यवतीशी गाठ घालून त्याला संसारी केले. मग मात्र त्यांनी ब्योमकेशला कित्येक वर्षे बाजूला ठेवले. पुढे १९५०च्या सुमारास त्याला पुन्हा हाती घेतले, तेव्हा वाचकांनी हा गृहस्थाश्रमी सत्यान्वेषी आनंदाने पत्करला. (हे शरदिंदुबाबू १९५२ नंतर आपल्या पुण्यात राहत असत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?) इंग्लंडात डॉरोथी सेयर्सबाईंनी तर आधी रहस्यकथेतल्या प्रेमाविरुद्ध लिहिले आणि मग १९३० साली आपल्याच लॉर्ड पीटरला हॅरिएट व्हेनच्या प्रेमात पाडले, १९३७ साली दोघांचे लग्न लावले, आणि त्या कादंबरीला प्रेमकथाच म्हटले. तपास आपला मधून मधून व्यत्यय आणणारा!

आपल्याकडे प्रेमकथा म्हटली की ना. सी. फडके. त्यांच्या आणि त्यांच्या अनुयायांच्या कादंबरीत अनुनय आहे, रुसवे आहेत, गैरसमज आहेत. पण बहुधा लग्नाचा मांडव दिसू लागला की कथेचा पडदा पडतो. झुंजारची कथा मांडव उतरल्यावर सुरू होते. लग्न झालेल्या स्त्रीवर तिचाच नवरा वर्षानुवर्षे जीव टाकतो आहे, तिच्यासाठी दर वेळी आगीत उडी घेतो आहे, हे चित्र मराठी वाचकाला दुसरे कोण देत होते? 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद आमचे टीकाकार घालत बसले, त्या वेळी बायकांच्या दुपारच्या तासाची ही सोय आठ आण्यांच्या पुस्तकाने केली, आणि त्याची नोंद कुणी घेतली नाही.

म्हणून मी म्हणतो, आत्याचे मत मर्मग्राही. झुंजारकथेत प्रश्न दोन. हे कुणी केले, हा पहिला. ती दोघे पुन्हा भेटतील ना, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एकदा कळले की पुस्तक संपले. दुसऱ्याचे उत्तर आधीच ठाऊक असते, तरी ते पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटते. हरिश्चंद्राला राज्य परत मिळते, तारामतीवरचा घाव देव थांबवतो, हे कीर्तनाला बसलेल्या कुणाला ठाऊक नसते? म्हणून कुणी उठून जात नाही आणि डोळेही कोरडे राहत नाहीत. आत्या रहस्यकथा आख्यानासारखी वाचत होती, आणि अर्नाळकर तशीच ती लिहीत होते.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गेल्या उन्हाळ्यात मी नातीला यांतले एक पुस्तक दिले. तिने एका बैठकीत संपवले आणि म्हणाली, "आबा, मस्त आहे. पण विजयाला दर वेळी दुसऱ्यानेच का सोडवायचं? तिला स्वतःला सुटता येत नाही का?" याला माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नाही. सेयर्सबाईंची हॅरिएट १९३५च्या कादंबरीत स्वतः तपास करते. पीटर मागाहून येतो. विजया धीट आहे, नवऱ्याच्या बेतांत भागीदार आहे. पण संकटात सापडणे हा तिच्या वाट्याचा मुख्य उद्योग. मी वाचलेल्या पुस्तकांत तरी ही दोघे म्हातारी होत नाहीत, एकमेकांना कंटाळत नाहीत. जे प्रेम कधी बदलत नाही, त्यातून माणूस कळत नाही, दिलासा तेवढा मिळतो. सत्तरीनंतर सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन यांच्यासारखे नायक आणले, तेव्हा रहस्यकथा माजघरातून उठून कॉलेजच्या कट्ट्यावर गेली. ते व्हायलाच हवे होते.

दिलासा हा शब्द मी जपून वापरतो आहे. कॉलेजात असताना मी नियतकालिकात या पुस्तकांवर एक कडक लेख लिहिला होता आणि त्यांना 'गुंगीचे औषध' म्हटले होते. लेख घरी आणून मोठ्या ऐटीने वाचून दाखवला. आत्याने तो हातात घेऊन न्याहाळला. "छान छापलाय," म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने विचारले, "यातली तू किती वाचली?" खरे उत्तर दीड असे होते.

नातीने परवा मला विचारले, की मग आत्याआजींना हे इतके का आवडत होते? आमची आत्या माहेरीच राहत असे. तिचा नवरा हयात होता, याच शहरात होता. ती सासरहून का आली, हे आम्हा मुलांना कुणी सांगितले नाही. दिवाळीच्या पाडव्याला घरात सगळ्या बायकांची ओवाळणीची ताटे निघत; तिचे निघत नसे. त्या वेळी ती स्वयंपाकघरात अनारसे तळत असे आणि कुणी तिला हाक मारीत नसे. दुपारी सगळे पांगले, की ती उशाखालचे पुस्तक काढी आणि आधी शेवट पाहून घेई.

तिच्या मागे तिची ट्रंक उघडली, तेव्हा दोन लुगड्यांच्या घडीत झुंजारचे एक पुस्तक निघाले. वेष्टन नाही, पहिली आठ पाने नाहीत. त्यामुळे नावही कळत नाही. शेवटचे पान मात्र जागच्या जागी आहे. ते सुटू नये म्हणून तिने पांढऱ्या दोऱ्याने बारीक टाके घालून शिवून ठेवले आहे.