डिस्क पुसायची, पण कोणती?

वाडीत बसून सर्व्हरवर बोलायचं म्हणजे सुरुवात पुरापासूनच होणार. कृष्णा-पंचगंगेचं पाणी पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडतं, आणि आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आम्हीही एका संस्थेचा सर्व्हर असाच वरच्या मजल्यावर नेला. वजन कमी व्हावं म्हणून सहाही डिस्क काढल्या: सिस्टिमच्या दोन छोट्या एसएसडी, डेटाच्या चार मोठ्या. पाणी ओसरल्यावर परत बसवताना स्लॉटचा क्रम चुकला. चूक आमचीच.

मग सिस्टिम नव्याने टाकायला नेहमीची किकस्टार्ट फाइल लावली. तिच्यात 'एसडीए पुसा' असं लिहिलेलं. एसडीए आता डेटाची डिस्क होती! डेटा रेडमध्ये होता म्हणून वाचला, पण रेड पुन्हा बांधून होईपर्यंत कुणाला झोप नाही.

लोक म्हणतात, स्लॉट नीट लावले असते तर झालं नसतं. आम्हाला ते पटत नाही. एसडीए, एसडीबी ही नावं लिनक्स कर्नल डिस्क सापडतील तशी देतो. काहीही न हलवता, नुसतं रीबूट केलं तरी क्रम बदलू शकतो. असल्या नावावर पुसण्याची आज्ञा टांगणं हा रचनेचाच दोष आहे. किकस्टार्टमध्ये तर 'क्लिअरपार्ट ऑल' एवढंच लिहिलं आणि डिस्क सांगितली नाही, तर दिसेल ती प्रत्येक डिस्क साफ होते. नेटवर सापडणाऱ्या कितीतरी नमुना फायलींत नेमकी हीच ओळ असते.

उबंटूने २०.०४पासून सर्व्हरसाठी ऑटोइन्स्टॉल आणलं. लिहायला सुटसुटीत आहे, मान्य. पण तयार मांडणी घेतली आणि काही सांगितलं नाही, तर ते सगळ्यात मोठी डिस्क निवडतं. लॅपटॉपवर ठीक. सर्व्हरवर सगळ्यात मोठी डिस्क म्हणजे बहुधा डेटाच! तिथे मॉडेल, सिरियल नंबर, आकार यांवरून निवडायची सोय आहे, हे चांगलं. मात्र अटीत दोन डिस्क बसल्या तर ते थांबत नाही, त्यातली कुठलीतरी एक उचलतं.

सिरियल नंबर लिहावा का? ओळख पक्की होते, पण दर मशीनला वेगळी फाइल लागते आणि डिस्क बदलली की फाइल शिळी. स्लॉटवरून पत्ता द्यावा, तर आमच्यासारखे लोक स्लॉटच बदलतात. म्हणून आता आम्ही किकस्टार्टच्या 'प्री' भागात आधी मोजणी करतो. ठरलेल्या आकाराच्या बरोबर दोनच एसएसडी सापडल्या, आणि त्यांवर रेडची किंवा दुसऱ्या कुणाच्या डेटाची खूण नसली, तरच पार्टिशनच्या ओळी लिहून घेतो. नाहीतर इन्स्टॉलेशन तिथेच थांबतं. जुन्या सिस्टिमवर पुन्हा टाकायचं असेल तर माणसाने मुद्दाम हो म्हणायचं. यावर 'मग हे स्वयंचलित कसलं?' असा टोमणा मिळतो. चाळीस मशीनपैकी दोन थांबली तर अडतीस चालली की!

एक अजून राहिलं. दोन एसएसडींचं मिररिंग करूनही ईएफआय पार्टिशन पुष्कळदा एकाच डिस्कवर असतं. तीच गेली, तर डेटा शाबूत आणि मशीन उठत नाही. त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवरही हवी, आणि दर अपडेटनंतर ती ताजी करायला हवी. आमच्या पहिल्या फायलीत तीही ओळ नव्हती.