पाच टक्क्यांची गाडी, एका आण्याचा रस्ता

दिवाळीच्या फराळाला बसलेल्या वाचकापुढे हिशेब मांडणे हे तसे रीतीला सोडून आहे. पण लक्ष्मीपूजनाला वहीपूजनही होतेच. तेव्हा एक जुनी वही चाळली तर वाचक रागावणार नाहीत, असे वाटते. ही वही रमेशचंद्र दत्तांची. हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास त्यांनी दोन भागांत लिहिला; पहिला भाग १९०२ साली निघाला, दुसरा १९०४ साली. आगगाडीने देशाचे भले केले की बुरे, हा वाद आपल्याकडे निघाला की आजही बहुतेक युक्तिवाद, नाव न घेता का होईना, त्याच वहीतून उचललेले असतात.

दत्तांचा मुख्य आरोप असा. लोहमार्गासाठी भांडवल लंडनचे आणि कंपनीही लंडनची. परंतु त्या भांडवलावर दरसाल पाच टक्के व्याज मिळेल, ही हमी मात्र येथल्या सरकारची. गाडी नफ्यात चालो की तोट्यात, भागधारकाच्या पदरात पाच टक्के पडायचेच. तूट आली की ती येथल्या करातून भरून निघे, आणि त्या करातला मोठा वाटा शेतसाऱ्याचा. असा जावई मिळाल्यावर काटकसर कोण करील? मैलामागे आठ हजार पौंड लागतील असा डलहौसीच्या काळचा अंदाज होता. प्रत्यक्षात खर्च अठरा हजारांच्या घरात गेला. मॅसी नावाचे एक माजी अर्थमंत्री १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षीला आले आणि त्यांनी साफ सांगून टाकले, की पैसा हुगळीत फेकला काय किंवा त्याच्या विटा रचल्या काय, भांडवलवाल्याला सारखेच. ही साक्ष काही दत्तांच्या पक्षाच्या माणसाची नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांनी हाच विषय सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाच्या काळात हाताळला. शिक्षणखात्यात आयुष्य घालवलेला हा माणूस आकडे असे मांडी की वाचणाऱ्याला पळवाट म्हणून राहू नये. रूळ, इंजिने, डबे सारे विलायतेहून यायचे. तेव्हा येथल्या रयतेने तिकडच्या कारखान्यांना दिलेले हे अनुदानच, असा त्यांचा निष्कर्ष होता. जोशींना आज कोणी फारसे वाचत नाही. मास्तरांच्या नशिबी हे असायचेच!

येथवर दत्तांच्या वहीत मला चूक सापडत नाही. माझा मतभेद पुढल्या पानावर आहे. लोहमार्गांवर बावीस कोटी पौंडांहून अधिक रक्कम गेली आणि पाटबंधाऱ्यांवर तिच्या जेमतेम नवव्या हिश्शाएवढी. हे उलटे झाले असते तर दुष्काळ टळले असते, असा त्यांचा रोख आहे. सर आर्थर कॉटननेही हेच सांगितले होते. पण कॉटनने धरणे बांधली ती गोदावरी-कृष्णेच्या मुखाशी, सपाट जमिनीवर. तीच कृष्णा आमच्या कवठे महांकाळच्या माळापेक्षा बरीच खाली, मिरज-म्हैसाळकडून वाहत जाते. पाणी चढ चढत नाही. म्हैसाळ योजनेने ते पंपांनी टप्प्याटप्प्याने वर उचलावे लागले, तेव्हा कोठे ते इकडे आले. आणि तेही विजेचे बिल कोणी भरायचे हा तंटा बरोबर घेऊन आले. १८८० साली सारा खजिना कालव्यांवर ओतला असता तरी अग्रणीचे कोरडे पात्र ओले झाले नसते. जेथे जमत होते तेथेही काम झाले ते दुष्काळाच्या निमित्ताने. म्हसवडचा, म्हणजे राजेवाडीचा तलाव १८७६ च्या दुष्काळातल्या मजुरांनी खोदला. दत्तांचे पारडे बंगाल-मद्रासच्या नद्यांवर तोललेले होते. माळरानावरची विहीर, ताल, बांध यांना त्यांच्या वहीत पुरेशी जागा नाही. हा मला त्या मोठ्या ग्रंथाचा खरा दोष वाटतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १८७६ साली मिरजेला आगगाडी नव्हती. जवळची गाडी सोलापूरला किंवा पुण्याला. धान्य बैलगाडीने यायचे आणि चाऱ्यावाचून बैलच मरत होते. त्या वर्षी माणदेशातल्या माणसाला कोणी विचारले असते, तर त्याने पाच टक्क्यांचा हिशेब न मांडता रूळ मागितला असता. आता हेही खरे, की रुळाने धान्य येते तसे जातेही, आणि ते भुकेकडे जात नाही, पैशाकडे जाते.

आमच्याकडे रूळ आला तो फार उशिरा आणि फार लहान. बार्शी लाईट रेल्वे, रुंदी अडीच फूट. कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनियरने ती १८९७ साली बार्शी-कुर्डुवाडीत सुरू केली. हलके रूळ, आसाला पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. थोडक्यात, गावाच्या ऐपतीची गाडी. पंढरपूर १९०६, लातूर १९११, मिरज १९२७. हिने वारकरी नेले, कापूस नेला. अठरा हजारांच्या मैलापुढे हे काटकसरीचे उदाहरण कंपनीच्याच माणसाने घालून दिले, याची नोंद टीकाकारांनी करायला हवी होती.

रस्त्यांचा हिशेब याहून निराळा. १८६९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकलफंड बसला. त्यातले दोन भाग रस्ते वगैरेंना, एक भाग शाळांना. रेल्वेची तूट रयतेला न सांगता भरली जाई. हा आणा तिच्या हातून मोजून घेतला जाई, म्हणून जोतीराव फुल्यांसारख्यांना त्यावर बोलता आले. ज्या पट्टीने खडी पडली तिनेच खेड्यातला पंतोजीही पोसला, हे मला शाळामास्तर म्हणून नाकारता येत नाही.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर कृष्णेचे पाणी. कॅल्थ्रॉपचा अडीच फुटी मार्ग तोवर रुंद झाला होता, आणि त्यावरूनच ती गाडी आमच्या स्टेशनातून पुढे गेली. आमच्या तालुक्यातही तेव्हा टँकरची वाट पाहणे चालूच होते. दत्त रूळ आणि पाणी निरनिराळ्या पारड्यांत घालीत. येथे पाणीच रुळावर चढले होते, आणि परतीला रिकाम्या टाक्या कवठ्यावरूनच मिरजेकडे जात होत्या.