चौथा मैल : शत्रूच्या मुलखात अडकलेल्या वैमानिकांच्या कथा आणि किशोरवाचक

या टिपणाचा हेतू

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या साहित्याच्या ऐच्छिक विषयात 'युद्ध आणि किशोरसाहित्य' हा घटक शिकवताना हे टिपण तयार झाले. विमान पाडले जाते, वैमानिक शत्रूच्या मुलखात उतरतो आणि जिवंत परतण्यासाठी धडपडतो, हा किशोर कादंबरीचा जगभर आवडता विषय आहे. या प्रकारची पुस्तके कशी वाचावीत, त्यांना कोणत्या कसोट्या लावाव्यात आणि आपल्याकडची 1971 ची सामग्री या कसोट्यांबद्दल काय सांगते, हे तीन मुद्दे पुढे घेतले आहेत.

1. कथाप्रकाराचा साचा

नमुना म्हणून एल. एम. एलियट यांची 'अंडर अ वॉर-टॉर्न स्काय' (2001) ही अमेरिकी कादंबरी घेऊ. हेन्री फॉरेस्टर हा व्हर्जिनियातला तरुण बी-24 बॉम्बफेकी विमान चालवतो. विमान पडते आणि फ्रान्समधले प्रतिकार चळवळीचे लोक त्याला एका घरातून दुसऱ्या घरात लपवत पुढे पोचवतात. कादंबरीचे खरे बळ हेन्रीच्या धाडसात नाही. आसरा देणारी माणसे पकडली गेली तर मरणार आहेत आणि हेन्रीला ते ठाऊक आहे, यात ते आहे. एलिझाबेथ वाइन यांच्या 'कोड नेम व्हेरिटी' (2012) मध्ये वैमानिक मुलगी आहे आणि तिची मैत्रीण गेस्टापोच्या ताब्यात आहे. तिथे तर पळून जाण्यापेक्षा मागे कोण राहिले हाच प्रश्न मोठा होतो.

या चांगल्या पुस्तकांच्या शेजारी त्याच प्रकारची शेकडो साधारण पुस्तके आहेत. त्यांत तीन सोप्या वाटा हमखास दिसतात.

(अ) सुटका नायकाच्या हुशारीनेच होते, नशिबाला आणि चुकीला जागा नसते.
(आ) शत्रूला चेहरा नसतो. असलाच तर क्रूर किंवा मूर्ख असतो.
(इ) शेवटी नायक घरी पोचतो आणि हिशेब पुरा होतो.

किशोरवाचकाला थरार हवा असतो आणि त्यात काही गैर नाही. गैर हे, की या तीन वाटांनी गेलेला वाचक युद्ध म्हणजे अवघड पण सुटणारे कोडे आहे असे समजून पुस्तक मिटतो.

2. रावळपिंडी ते लंडी कोतल : मूळ घटना

आपल्याकडे या विषयातली सर्वांत ठळक घटना एका मराठी माणसाची आहे. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे सुखोई-7 विमान 10 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानात पाडले गेले. त्यांना रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत ठेवण्यात आले. युद्ध त्याच महिन्यात संपले, पण कैद्यांची सुटका होईना. पकडलो गेलो तर पळून येईन, असे परुळकरांनी युद्धाआधीच बोलून दाखवले होते. मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे दोघे त्यांच्याबरोबर निघायला तयार झाले.

तयारीचा तपशील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावा. किरकोळ हत्यारांनी भिंतीतल्या विटा रात्री-रात्री सुट्या केल्या. सुई चुंबकित करून होकायंत्र बनवले. कैद्यांना मिळणाऱ्या भत्त्यातले पैसे साठवले. स्थानिक पद्धतीचे कपडे जमवले. यातले काहीच तिघांचे एकट्याचे काम नव्हते. जे पळणार नव्हते, त्यांनीही मदत केली आणि मागे राहून त्याचा त्रास सोसण्याची तयारी ठेवली.

12-13 ऑगस्ट 1972 च्या वादळी रात्री तिघे भोकातून बाहेर पडले, बसने पेशावरला गेले आणि सकाळी खैबर खिंडीतल्या लंडी कोतलला पोचले. अफगाण सीमेवरचे तोरखम तिथून चार मैलांवर होते.

तिथे दोन गोष्टींनी घात केला. पहिली म्हणजे नकाशा. नकाशात लंडी कोतलच्या पुढे 'लंडी खाना' हे रेल्वे स्थानक होते, म्हणून त्यांनी तिकडे जाण्याची चौकशी केली. पण तो रेल्वेचा तुकडा 1926 मध्ये सुरू होऊन 1932 मध्येच बंद पडला होता. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्थानकाची वाट विचारणारी माणसे स्थानिक असू शकत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. हे पळून चाललेले बंगाली असावेत, असा तहसील कचेरीतल्या माणसाला संशय आला. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते.

तिघांनी आपण पाकिस्तानी हवाई दलातले आहोत असे सांगून पाहिले. प्रकरण हाताबाहेर जाणार असे दिसताच परुळकरांनी एक नाव घेतले : उस्मान हमीद. हा रावळपिंडीच्या छावणीचा आधीचा प्रमुख. कैद्यांशी माणुसकीने वागणारा, नाताळला त्यांच्यासाठी केक आणणारा. तोवर तो हवाई दलप्रमुखांचा एडीसी झाला होता. त्याला फोन लागला. या माणसांना इजा होऊ देऊ नका, नीट सांभाळून ठेवा, असे त्याने बजावले. तिघे पुन्हा कैदेत गेले, पण जिवंत राहिले. सर्व युद्धकैदी 1 डिसेंबर 1972 रोजी वाघा सीमेवरून भारतात परतले. परुळकरांचे ऑगस्ट 2025 मध्ये निधन झाले.

आता आधीच्या तीन वाटा या घटनेला लावून पाहा. हुशारी होती, पण जुन्या नकाशापुढे ती अपुरी पडली. शत्रूला नाव आणि चेहरा आहे, आणि प्राण वाचले ते त्याच्यामुळेच. शेवटी नायक घरी पोचला, पण पळून नव्हे. थरारकथेचा साचा ही घटना एकेका पायरीवर मोडते, आणि म्हणूनच ती किशोरांनी वाचण्याजोगी आहे.

3. दोन पुस्तके, दोन दृष्टी

फेथ जॉन्स्टन या कॅनडाच्या लेखिकेचे 'फोर माइल्स टू फ्रीडम' (2013) हे या पलायनाचे सविस्तर कथन आहे. ते कादंबरी नाही, पण तरुण वाचक ते कादंबरीसारखे वाचतात. त्याचा गुण म्हणजे धीर. कंटाळा, वाट पाहणे, पळावे की नाही यावरून कैद्यांमध्ये झालेले मतभेद यांना त्यात जागा मिळते. पळण्याला विरोध करणारे भित्रे ठरत नाहीत. सुटका आज ना उद्या होणारच, मग मागे राहणाऱ्यांना धोक्यात का घालायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, हे वाचकाला पटते.

धीरेंद्र जाफा यांचे 'डेथ वॉजन्ट पेनफुल' हे त्याच छावणीतल्या एका कैदी वैमानिकाने लिहिले आहे. विमानातून बाहेर फेकले जाताना त्यांच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली होती. जॉन्स्टन बाहेरून घटना जुळवतात, तर जाफा आतून माणसे पाहतात. कैद करणाऱ्यांची भाषा, सवयी, गाणी, जेवण आपल्यासारखेच आहे, हे कळल्यावर होणारी चलबिचल त्यांच्याकडे अधिक खरी उतरते. फ्रान्समध्ये लपलेल्या हेन्रीला भाषा परकी होती, आपल्या वैमानिकांना ती ओळखीची होती. फ्लाइट लेफ्टनंट जवाहरलाल भार्गव सिंधमध्ये उतरले तेव्हा मन्सूर अली असे नाव सांगून काही तास पाकिस्तानी वैमानिक म्हणून वावरले. कलमा म्हणायला सांगितल्यावर ते पकडले गेले. युरोपीय कादंबरीत उच्चारावरून माणूस सापडतो. इथे उच्चार निभावतो आणि धर्म आड येतो. हा आपल्या उपखंडाचा खास पेच आहे. परदेशी साचा जसाच्या तसा उचलणाऱ्याला तो दिसणार नाही.

4. गार्डन रीचची बाजू

लंडी कोतलचा प्रसंग वर्गात सांगितला तेव्हा गार्डन रीचमधल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या बंगाल्यांचे काय झाले?" मी इतकी वर्षे हा प्रसंग तीन वैमानिकांचा म्हणून वाचत आलो होतो. ज्यांच्या वेशात चुकून ते पकडले गेले, त्या माणसांकडे माझे लक्षच नव्हते. ज्यांच्या मुक्तीसाठी युद्ध झाले, त्यांच्यातलेच हजारो लोक युद्धानंतर पश्चिम पाकिस्तानात अडकले होते. ऑगस्ट 1973 च्या दिल्ली करारानंतर त्यांना अधिकृतपणे परत पाठवणे सुरू झाले. खैबरमधून निसटणाऱ्या बंगाली कुटुंबाला फोन करायला उस्मान हमीद नव्हता. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न ही समीक्षेची पहिली कसोटी मानायला हरकत नाही : पानाच्या कडेला उभ्या माणसांचे काय झाले?

हा प्रश्न घेऊन गार्डन रीचकडेच पाहू. 1971 मध्ये कोलकाता बंदराच्या दोन बोटी इथल्या गोदीत सज्ज करून त्यांवर 40 मिमी बोफोर्स तोफा बसवण्यात आल्या. मुक्तिवाहिनीच्या या 'पद्मा' आणि 'पलाश'. रायगड जिल्ह्यातल्या गावाचे नाव ल्यालेली भारतीय नौदलाची 'पनवेल' त्यांच्याबरोबर होती. मोहिमेचे नेतृत्व होते कमांडर मोहन नारायण राव सामंत यांच्याकडे. 10 डिसेंबर 1971 रोजी, म्हणजे परुळकरांचे विमान पडले त्याच दिवशी, या बोटी खुलन्याजवळ पोचल्या असताना भारतीय हवाई दलाच्याच विमानांनी चुकून त्यांच्यावर हल्ला केला. पद्मा आणि पलाश बुडाल्या. पलाशच्या इंजिनघरातले कारागीर महंमद रुहुल अमीन जहाज वाचवण्यासाठी अखेरपर्यंत थांबले. जखमी अवस्थेत ते काठाला लागले, पण तिथे रझाकारांनी त्यांना मारले. बांगलादेशाने त्यांना 'वीरश्रेष्ठ' हा सर्वोच्च सन्मान दिला. सामंतांनी वाचलेल्यांना पाण्यातून काढले. त्यांना महावीर चक्र मिळाले.

शत्रूच्या मुलखात जिवावर बेतलेले ते फक्त वैमानिकच, असे आपण का मानतो? इंजिनघरातला माणूसही तिथेच होता, आणि त्याच्यावरचा पहिला घाव मित्राच्या विमानाचा होता. किशोर कादंबरीकाराला ही घटना अवघड जाईल, कारण इथे दोष द्यायला शत्रू मिळत नाही. पण ज्या वाचकाला पुढे यंत्रे, संदेशप्रणाली आणि नकाशे बनवायचे आहेत, त्याने चुकीचा हा प्रकार वेळीच ओळखला पाहिजे. लंडी खानाचे बंद स्थानक आणि खुलन्याजवळच्या बोटी या दोन्ही ठिकाणी माणूस शूर होता, पण त्याच्या हातातली माहिती चुकीची होती.

आरशाची दुसरी बाजूही इथून जवळच आहे. 22 नोव्हेंबर 1971 रोजी बोयराच्या हवाई लढाईत पाकिस्तानी सेबर विमाने पाडली गेली आणि परवेझ मेहदी कुरेशी हा वैमानिक आपल्या सैनिकांच्या हाती लागला. चिडलेल्या जवानांच्या मारापासून त्याला वाचवले ते तेव्हाचे कॅप्टन हरचरणजितसिंग पनाग यांनी. 1997 मध्ये कुरेशी पाकिस्तानचा हवाई दलप्रमुख झाला, पनाग पुढे भारताचे लेफ्टनंट जनरल झाले. उस्मान हमीदच्या फोनशेजारी पनागांचा हा प्रसंग ठेवला की माणुसकी एकाच बाजूची मालमत्ता राहत नाही.

5. न परतलेले

तिसरी सोपी वाट, म्हणजे घरवापसीचा शेवट, सर्वांत फसवी आहे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान 5 डिसेंबर 1971 रोजी शोरकोटजवळ पडले. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत त्यांचे नाव पाकिस्तानी वृत्तपत्रात आल्याचे सांगितले गेले, पण ते परतले नाहीत. राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या असलेल्या त्यांच्या पत्नी दमयंती तांबे यांनी पुढचे सारे आयुष्य हा शोध चालू ठेवला. 2007 मध्ये बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले. हाती काही लागले नाही.

वाघ्यावरच्या हारतुऱ्यांवर संपणारे पुस्तक खोटे नसते, पण अर्धे असते. बारा-चौदा वर्षांच्या वाचकाला हे दुसरे अर्धे पेलणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. माझा अनुभव उलट आहे. मुलांना न सुटलेले प्रश्न पेलतात. आपण त्यांना खोटी उत्तरे दिली हे कळणे मात्र त्यांना पेलत नाही.

6. निष्कर्ष

कादंबरीकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य आहे. तो संवाद रचेल, एखादे पात्र घालेल, पळणाऱ्यांत एक कोवळा मुलगाही आणेल. पण परुळकरांवर बेतलेल्या नायकाला त्याने तोरखम पार करवले, तर तो केवळ शेवट बदलत नाही. त्याबरोबर उस्मान हमीदचा फोन जातो, जुना नकाशा जातो, आणि खैबरमधले बंगालीही पुसले जातात. म्हणजे त्या घटनेत शिकण्यासारखे जे होते तेच नेमके जाते. चार मैल न चाललेले राहिले, म्हणूनच ही गोष्ट इतरांहून वेगळी आहे. या प्रकारचे कोणतेही पुस्तक हाती घेताना, नायक पोचला का यापेक्षा, त्याला पोचवताना लेखकाने कोणाकोणाला वाटेत सोडले, हे मोजावे.

विचारासाठी प्रश्न

1. पळण्याला विरोध करणाऱ्या कैद्याच्या तोंडून हीच घटना सांगितली तर कोणते प्रसंग मोठे होतील आणि कोणते गळतील?
2. पद्मा-पलाश प्रसंगावर किशोरकथा लिहायची झाल्यास निवेदक कोण असावा : रुहुल अमीन, पनवेलवरचा खलाशी की विमानातला वैमानिक? निवड कारणांसह मांडा.
3. चुकीचा नकाशा आणि चुकीची ओळख यांत तांत्रिक दोष किती आणि मानवी दोष किती? आपल्या शाखेतले एक उदाहरण देऊन तुलना करा.